‘अकराच महिन्यांचा आहे की!’ – घर भाड्याने देताना या चुका टाळा

सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यापासून एक वाक्य इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. मालक पाचशेच्या स्टँपपेपरवर नोटरीचा शिक्का मारलेला करार पुढे सरकवतात. नोंदणी का नाही केली विचारलं, की “अकराच महिन्यांचा आहे की!”

हा समज आला कुठून ते कळतं. १९०८ च्या केंद्रीय नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती आहे. त्यातून अकरा महिन्यांची पळवाट निघाली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ मुदत विचारतच नाही. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची. चुकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

शिक्षेचं सोडा. त्याच कलमात म्हटलंय की नोंदणीकृत करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जाईल. ते खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं. म्हणजे तुम्ही म्हणणार भाडं अठरा हजार ठरलं होतं, तो म्हणणार बारा. बसा आता पुरावे शोधत!

बरं, वाचतात किती? भाडं १५,०००, डिपॉझिट ५०,०००, मुदत ११ महिने धरा. भाड्याचे १,६५,००० आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी येणारे साधारण ४,६००, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. झाले सव्वाचारशेच्या आसपास. नोंदणी फी शहरात हजार, ग्रामीण भागात पाचशे. ऑनलाइन नोंदणीसाठी एजंट बोटांचे ठसे घेणारं मशीन घरी घेऊन येतो, त्याचे पैसे वेगळे.

दुसरी खोड म्हणजे मुदत संपल्यावर “चालू द्या तसंच”. एकाने तर जुन्या कराराच्या झेरॉक्सवर पेनाने साल बदलून आणलं होतं. मुदत संपूनही परवानाधारक (म्हणजे लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणारा) जागा सोडत नसेल तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो आणि ठरलेल्या शुल्काच्या, म्हणजे भाड्याच्या, दुप्पट दराने भरपाई मागता येते. पण त्यासाठी हातात धड करार पाहिजे. राहायचंच असेल तर नवा करार नोंदवा. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं हे वेगळं काम आहे, ऑनलाइन होतं, विसरू नका.

डिपॉझिट रोख घेऊन करारात गोलमोल लिहू नका. चेकचा किंवा ट्रान्सफरचा नंबर घाला. रंगाचे पैसे कापणार असाल तर तेही आधीच लिहा, कारण भांडणं हमखास तिथेच होतात.

राहता राहिला अंगठा, म्हणजे ऑनलाइन नोंदणीत आधारशी जुळवायचा ठसा. आमच्याकडच्या एका आजोबांचा ठसा काही केल्या जुळेना. एजंटने काच पुसली, आजोबांनी साबणाने हात धुतले, शेवटी उजव्या हाताचं मधलं बोट चाललं. तेही न चालल्यास आधार केंद्रावर ठसे अपडेट करून घ्या, नाहीतर सरळ दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन नोंदणी करा. मात्र अंगठा लावण्याआधी मसुद्यातला फ्लॅट नंबर मोठ्याने वाचा. आमच्या बी-२०३ चा करार डी-२०३ च्या नावाने झालाय, आणि त्याची दुरुस्ती अजून चाललीय.