फेल्टची कोयरी: मणी आधी, शिवण शेवटी

फेल्ट हे विणलेलं कापड नसतं. तंतू एकमेकांत गुंतवून, दाबून केलेला तो एक थर असतो. त्यामुळे कापल्यावर धागे सुटत नाहीत, कडा दुमडाव्या लागत नाहीत आणि मशीनशिवाय काम भागतं. पण याच कारणाने त्याला उभ्या-आडव्या धाग्यांचा आधारही नसतो. कडेला अगदी चिकटून टाका घातला तर तो फेल्ट फाडून बाहेर येतो. कीचेनची रिंग थेट भोकातून ओवली तर भोक मोठं होत होत एक दिवस किल्ल्या खाली पडतात. पुढे दिलेली बहुतेक मापं या एका गोष्टीमुळे ठरलेली आहेत.

उदाहरणाला कोयरीचं कीचेन घेऊ. कोयरीत गोलाई, टोक आणि आतला वळसा असं सगळं येतं. ती नीट जमली की फूल, मासा, हत्ती काहीही जमतं.

सामान

एका कोयरीला लागतं ते असं: दोन रंगांचं मऊ फेल्ट, आतल्या छोट्या कोयरीसाठी तिसऱ्या रंगाचा एक तुकडा, भरतकामाच्या दोऱ्याची लडी, ११/० मापाचे काचेचे मणी सुमारे १२०, चार-पाच टिकल्या, एक ४ मिमीचा मोती, ६ मिमी रुंद रिबिन ६ सेंमी, २५ मिमीची रिंग आणि थोडा सिंथेटिक कापूस.

फेल्ट दुकानात दोन प्रकारचं मिळतं, मऊ आणि कडक. कडक फेल्टला खळीसारखं काहीतरी दिलेलं असतं. ते ताठ उभं राहतं, पण त्यात बारीक सुई वाकते किंवा मोडते. शिवायच्या वस्तूंना मऊ फेल्टच घ्या, जाडी १ ते दीड मिमी. शीट उजेडासमोर धरून पाहा. कुठे पातळ, कुठे दाट असे ढग दिसले तर ते फेल्ट टाके धरत नाही. मग बोटाने दहा-बारा वेळा घासा. लगेच गोळे आले तर कीचेनसाठी ते नको, कारण कीचेन दिवसभर पर्समध्ये घासत राहणार. नेहमीच्या शीट पॉलिस्टरच्या असतात. लोकरीचं फेल्ट दिसायला कितीतरी देखणं आणि कापायलाही सुरेख, पण महाग असतं आणि कपाटात ठेवलं तर त्याला कसर लागते. शिकायला पॉलिस्टर पुरे.

मण्यांचं माप उलटं चालतं, आकडा मोठा तितका मणी लहान. ११/० म्हणजे साधारण २ मिमी, ८/० म्हणजे ३ मिमी, ६/० म्हणजे ४ मिमी. दोऱ्यात ओवल्यावर ११/० चे सेंटिमीटरला साधारण ७ मणी बसतात. जपानी मणी जवळपास एकसारखे असतात. आपल्याकडच्या स्वस्त पाकिटांत मात्र काही जाड, काही चपटे आणि काही भोक बुजलेले निघतात. हे फेकू नका. वळणाच्या आतल्या बाजूला बारीक मणी आणि बाहेरच्या बाजूला जाड मणी लावले तर ओळ छान वळते. फक्त भोक बुजलेले बाजूला काढा. त्यांतून सुई जबरदस्तीने ढकलली की मणी फुटतो आणि काच बोटात जाते.

रंगाची परीक्षा आधी करा. चार मणी नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये रात्रभर ठेवा. नुसता वरून रंग दिलेले मणी सकाळी पांढरे पडलेले दिसतात, आणि तसले मणी घामाने आणि अत्तरानेही उतरतात. लाल आणि गडद निळ्या फेल्टवर ओला पांढरा रुमाल दाबून पाहा. रंग लागला तर त्याच्याशेजारी पांढरं फेल्ट नको.

पुण्यात बोहरी आळी आणि रविवार पेठ, मुंबईत भुलेश्वर आणि क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांत हे सगळं सामान एका फेरीत मिळतं. फेल्ट आणि लडी पुरेशी एकदमच घ्या. लडीच्या कागदी पट्टीवर छटेचा क्रमांक असतो, ती पट्टी जपून ठेवा. फेल्टला बहुधा क्रमांक नसतो आणि पुढच्या वेळी तोच पिवळा मिळेलच असं नाही.

कापणं

वस्तू घरगुती वाटेल की नीटस, ते इथे ठरतं. कोयरी ६.५ सेंमी उंच आणि ४.५ सेंमी रुंद काढा. वरच्या वळणाची मान दीड सेंमीपेक्षा बारीक ठेवू नका. बारीक मान भरतकामात शोभते, पण इथे तिच्यात दोन्ही कडांचे टाके आणि रिबिन मावायची असते.

फेल्टवर बॉलपेनने काढू नका. शाई तंतूंत पसरते आणि कडेला निळी रेघ राहते. आकार पातळ कागदावर काढून तो कागद पारदर्शक चिकटपट्टीने फेल्टवर चिकटवा आणि कागद, पट्टी, फेल्ट तिन्ही एकदम कापा. पट्टीमुळे फेल्ट ताणलं जात नाही आणि कड गुळगुळीत येते. पट्टी हळूच, फेल्टला समांतर ओढून काढा. वर खेचली तर तंतू उपटून येतात.

कात्री लहान, टोकदार आणि फक्त कापडासाठी ठेवलेली असावी. कापताना कात्रीचा हात स्थिर ठेवून फेल्ट फिरवायचं. मोठ्या गोलाईवर पात्याचा मधला भाग वापरा आणि पातं पूर्ण मिटू देऊ नका, कारण दर वेळी पातं मिटलं की कडेवर एक दातरा पडतो. आतल्या खाचेत मात्र टोकाने, दोन्ही बाजूंनी खाचेकडे येत कापा.

फेल्ट एका दिशेला जास्त ताणतं. दोन्ही हातांनी ओढलं की कळतं. पुढचा आणि मागचा तुकडा एकाच दिशेने कापला नाही तर शिवता शिवता एक कड लांब होत जाते आणि शेवटी २-३ मिमी जास्त उरते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे कोयरीच्या दोन्ही बाजू सारख्या नाहीत हे विसरणं. पुढचा तुकडा सुलट आणि मागचा आकार उलटा करून कापा. दोन्ही बाजूंनी सारखं दिसणाऱ्या फेल्टमध्ये हे विसरलं तरी चालून जातं, पण फक्त एका बाजूने गुळगुळीत असलेल्या फेल्टमध्ये खरबरीत बाजू बाहेर येते.

मणी

सगळे मणी पुढच्या तुकड्यावर, जोडण्याआधी लावायचे. गाठी आणि दोऱ्याची मागची धावाधाव मग दोन थरांमध्ये झाकली जाते. आधी शिवून नंतर मणी लावले तर प्रत्येक गाठ कुठेतरी लपवावी लागते आणि ती लपत नाही.

आतली छोटी कोयरी आधी बसवा, बारीक हेमच्या टाक्याने, त्याच रंगाच्या भरतकामाच्या दोऱ्याच्या एका पदराने. मग तिच्याभोवती आणि बाहेरच्या कडेला मण्यांची ओळ. बाहेरची ओळ कडेपासून ७ मिमी आत हवी. त्याहून जवळ गेलात तर शेवटची शिवण घालताना दोरा प्रत्येक मण्यात अडकेल.

ओळीसाठी १० नंबरची मण्यांची सुई आणि फेल्टच्या रंगाचा एकेरी पॉलिस्टर दोरा घ्या. मागून सुई वर काढा, तीन मणी ओवा, ते रेषेवर आडवे टेकवा आणि तिसऱ्याच्या पुढे लगेच सुई खाली घाला. आता दुसऱ्या आणि तिसऱ्या मण्याच्या मधून सुई वर काढून तिसऱ्या मण्यातून पुन्हा एकदा न्या. मग पुढचे तीन. हा मण्यांचा उलटा टाका. वळणावर तीनऐवजी दोनच मणी घ्या, नाहीतर ओळ कोपरे घेत जाते. दोरा घट्ट ओढला तर फेल्टला सुरकुती पडते, सैल सोडला तर मणी लोंबतो. मणी फेल्टवर नुसता टेकला पाहिजे. दर दहा-पंधरा मण्यांनी मागे एक गाठ मारा. पुढे कधी दोरा तुटलाच तर तेवढेच मणी जातील.

टिकली लावायला तिच्या मधून सुई वर काढा, एक ११/० मणी ओवा आणि टिकलीच्या त्याच भोकातून खाली जा. मणी कुलपासारखा बसतो आणि दोरा दिसत नाही. मोत्यातून दोरा तीन वेळा न्या. सगळ्यात जास्त ओढाताण त्याचीच होते.

जोडणं आणि भरणं

रिबिन मधोमध दुमडा, रिंग तिच्यात शिवण संपल्यावर ओवायची. दोन्ही टोकं मानेच्या सर्वांत उंच जागी दोन थरांमध्ये १ सेंमी आत सरकवा आणि मागच्या थराला उलट्या टिपेने पक्की करा. टोकाला, म्हणजे कोयरीच्या चोचीला, रिंग लावली तर ती तिरकी लटकते.

कडेला ब्लँकेट स्टिच घाला, म्हणजे काज्याचा टाका, पण विरळ. सहा पदरांपैकी दोन पदर घ्या. टाका कडेपासून ३ मिमी आत आणि दोन टाक्यांत ३ मिमी अंतर. बाहेरच्या टोकावर एकाच भोकातून तीन टाके पंख्यासारखे फिरवा, नाहीतर दोरा टोकावरून घसरून बाजूला जातो. या कोयरीचा घेर सुमारे १९ सेंमी असतो आणि त्याला दोरा लागतो साधारण ९० सेंमी. तो अखंड घेऊ नका, ४५-५० सेंमीचे दोन तुकडे करा. लांब दोरा फेल्टमधून वारंवार गेला की पिंजारतो.

एका सरळशा बाजूला ३ सेंमी जागा उघडी ठेवा. कापूस चिमटीचिमटीने घ्या, आधी टोकात, मग मानेत आणि शेवटी पोटात. ढकलायला ब्रशची मागची बाजू वापरा. कात्रीच्या टोकाने ढकललं तर फेल्टला भोक पडतं. मोठा गोळा एकदम कोंबला तर बाहेरून गाठ दिसते. मधोमध जाडी सव्वा ते दीड सेंमी झाली की थांबा. जास्त भरलं तर टाक्यांच्या मधून पांढरा कापूस डोकावू लागतो आणि मग तो आत जात नाही. गादीचा साधा कापूस टाळा, तो काही दिवसांत दबून त्याचे गोळे होतात.

गोंदाबद्दल

ग्लू गनने हे सगळं दहा मिनिटांत होतं आणि व्हिडिओंत तेच दाखवतात. गरम गोंद लगेच घट्ट होतो, पण मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या कीचेनवर तो मऊ पडून सुटतो. शिवाय गोंद गेलेल्या जागी नंतर सुई जात नाही. पांढरा गोंद फेल्टमधून आरपार झिरपतो आणि वाळला की कडक, चकचकीत डाग पडतो. गोंद लागलाच तर कापडाचा, तोही टूथपिकने आणि कडेपासून ५ मिमी आत. इस्त्री शक्यतो नको. पॉलिस्टर फेल्ट तापलं की आक्रसतं आणि चमकू लागतं. घडी पडलीच असेल तर सर्वांत कमी तापमानावर, वर सुती कापड ठेवून.

त्याच कोयरीच्या इतर वस्तू

केसांची पिन: दाबली की टक्कन बसणारी ५ सेंमीची टिकटिक पिन घ्या आणि कोयरी थोडी लांबट काढा. मागच्या फेल्टला पिनेच्या रुंदीएवढी आडवी चीर द्या, पिनेची मधली जीभ ज्या टोकाला जोडलेली असते त्या टोकापाशी. पिन उघडून तिचा वरचा भाग चिरेतून आत सरकवा. जीभ बाहेर राहिली पाहिजे, कारण केस तिच्यात धरायचे असतात. वरचा भाग दोन-तीन ठिकाणी शिवून टाका. हिच्यात कापूस भरायचा नाही, नाहीतर पिन मिटत नाही.

साडीपिन: मागे भोकांची पट्टी असलेली ब्रोचपिन शिवा, पण मधोमध नको. वरच्या एक-तृतीयांश उंचीवर लावा. मधोमध लावलेला ब्रोच मण्यांच्या वजनाने पुढे झुकतो आणि रेशमी पदरावर तर लगेच दिसतं.

राखी: ४, ३ आणि २ सेंमीच्या तीन चकत्या एकावर एक ठेवून मधोमध मण्यांसह शिवा. रेशमी दोरी खालच्या चकतीला शिवा आणि तिच्यावर चौथी, ४ सेंमीची चकती कडेने शिवून बंद करा. दोरी नुसती चिकटवली तर हात ओला झाला की सुटते.

तीन वर्षांखालच्या मुलांना मणी, मोती, टिकल्या आणि रिंग असलेली कोणतीही वस्तू देऊ नका, कितीही घट्ट शिवलेली असली तरी. तिथे मण्यांऐवजी जाड दोऱ्याने गाठीचे टाके घाला. लांबून ते मण्यांसारखेच दिसतात.

संक्रांतीच्या वाणासाठी २५

ए-फोर शीटमधून ६.५ बाय ४.५ सेंमीचे १८ तुकडे निघतात, तीनच्या सहा ओळी. २५ कोयऱ्यांना पुढच्या रंगाच्या दोन आणि मागच्या रंगाच्या दोन शीट घ्या. उरलेल्यातून चुका भरून निघतात. ८ मीटरची लडी दोन-दोन पदरांनी वापरली की २४ मीटर होते, म्हणजे २५ कोयऱ्या जेमतेम. दुसरी लडी हाताशी असू द्या. प्रत्येकी १२० प्रमाणे ३००० मणी लागतील. ११/० चे ग्रॅमला साधारण ११० भरतात, म्हणजे २७-२८ ग्रॅम. निवडून टाकायचे धरून ४० ग्रॅम घ्या.

एकेक कोयरी पूर्ण करत बसू नका. सगळ्या एका दिवशी कापा, मग सगळ्यांच्या आतल्या कोयऱ्या, मग मणी, शेवटी शिवण. सर्वांत जास्त वेळ मण्यांची बाहेरची ओळ खाते. दिवस कमी उरले असतील तर ती ओळ गाळून प्रत्येकीवर पंधरा-वीस सुटे मणी विखरून लावा आणि त्याऐवजी कडेची शिवण उठून दिसणाऱ्या रंगात घ्या. रिंग लावायचं काम अगदी शेवटी ठेवा. शिवताना रिंग आधीच लटकत असेल तर दोरा दर दोन टाक्यांनी तिच्यात अडकतो.