प्रोपेनवर घरी बिअर बनवता? अमेरिकेत भाड्याचं घर शोधताना या चुका टाळा

अमेरिकेत घरी बिअर बनवायला कायद्याची आडकाठी नाही. जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी सही केलेल्या कायद्याने ती दूर झाली. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर २०० गॅलन बिअर बनवता येते, फक्त विकता येत नाही. राज्यांपैकी मिसिसिपी आणि अलाबामा शेवटपर्यंत अडून होती, तिथेही २०१३ मध्ये मोकळीक मिळाली. त्यामुळे एडिसन, फ्रीमाँट किंवा ऑस्टिनला घर शोधणाऱ्या आपल्या माणसाला वाटतं, की कायदा बाजूने आहे म्हणजे कुठलंही घर चालेल.

घर हातचं जातं ते बिअरमुळे नाही. ती उकळायला लागणारी उघडी ज्योत आणि प्रोपेन गॅसची वीस पौंडांची टाकी यांमुळे जातं. ही गोष्ट डोक्यात ठेवून शोध घेतला तर पुढच्या बहुतेक अडचणी टळतात.

घरमालकाला फक्त ‘बिअर बनवू का’ एवढंच विचारणं

हा प्रश्न ऐकून अनेक मालकांच्या डोळ्यांपुढे दारूची भट्टी उभी राहते. बिअर आंबवण्याला असलेली सूट दारू गाळायला लागू नाही, हे त्यांना माहीत असतं. पण आपण यातलं नेमकं काय करणार, हे माहीत नसतं. मोठं पातेलं, गॅसची टाकी, तांब्याची वेटोळी नळी असं दृश्य दिसलं की संशय येणारच. ती नळी वर्ट, म्हणजे माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भिजवून काढलेलं गोड पाणी, थंड करण्यासाठी आहे, हे आधीच सांगून टाका.

भारतातून नुकत्याच आलेल्या लोकांची चूक उलटी असते. ते विचारतच नाहीत. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय असं काही बनवता येत नाही, ती धास्ती मनात असते, म्हणून गुपचूप काम सुरू होतं. इथे बिअर लपवायचं काहीच कारण नाही. टाकी लपवली तर मात्र करार मोडल्याचं कारण मालकाच्या हाती आयतंच मिळतं.

ईमेल लिहा, आणि त्यात तपशील द्या: महिन्यातून एखाद्या शनिवारी, मागच्या काँक्रीटच्या पॅटिओवर, घराच्या भिंतीपासून दहा फुटांहून लांब, एक बर्नर, ज्योत साधारण दोन तास, टाकी कायम बाहेर, शेजारी अग्निशामक सिलिंडर, आणि मी पूर्ण वेळ जागेवर. ‘हो’ आलं की ते लीजच्या, म्हणजे भाडेकराराच्या पुरवणीत घालून घ्या. तोंडी परवानगी देणारा मॅनेजर सहा महिन्यांत बदलतो, नवा मॅनेजर कागद पाहतो.

‘ग्रिल चालतं’ म्हणजे बर्नरही चालेल असं धरणं

जाहिरातीत ग्रिलला परवानगी दिसली की लोक खूश होतात. काही संकुलांत ते ग्रिल म्हणजे पोहण्याच्या तलावाजवळ बसवलेलं सामाईक ग्रिल असतं, तुमचं स्वतःचं नव्हे.

बाल्कनीचा तर विचारच सोडा. बऱ्याच राज्यांनी आणि शहरांनी स्वीकारलेल्या इंटरनॅशनल फायर कोड या अग्निसुरक्षेच्या नियमावलीत उघड्या ज्योतीच्या उपकरणांबद्दल स्पष्ट कलम आहे: ज्वलनशील बाल्कनीवर किंवा ज्वलनशील बांधकामापासून दहा फुटांच्या आत ती वापरायची नाहीत. एक-दोन कुटुंबांच्या स्वतंत्र घरांना यातून सूट आहे, आग लागताच पाणी फवारणारे स्प्रिंकलर असलेल्या इमारतींनाही आहे, पण अशा इमारतींचं लीज अनेकदा कोडपेक्षा कडक असतं. एक पौंडाच्या छोट्या टाकीलाही सूट आहे, आणि तिचा आधार घेऊन वाद घालणारे भेटतात. त्यांनी हिशोब करून पाहावा. एक पौंड प्रोपेनमध्ये साधारण २१,५०० बीटीयू (उष्णतेचं एकक) असतात. तासाला साठ हजार बीटीयूचा बर्नर ती टाकी वीसेक मिनिटांत संपवेल, आणि आपल्याला वर्ट किमान तासभर उकळायचं असतं. न्यूयॉर्क शहरात अपार्टमेंटमध्ये १६.४ औंसांपेक्षा मोठी प्रोपेनची टाकी ठेवायलाच बंदी आहे.

टाउनहाउस, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेली घरं, हा खरा वादाचा मुद्दा. अंगण आपलं, भिंत शेजाऱ्याची. तिथे कोड कसा लावायचा हे गावागावाप्रमाणे बदलतं. नगरपालिकेच्या फायर मार्शलच्या, म्हणजे अग्निसुरक्षा अधिकाऱ्याच्या ऑफिसला दिवसा फोन करून विचारलं तर लोक नीट उत्तर देतात. पत्ता सांगा, घराचा प्रकार सांगा, टाकीचा आकार सांगा. घरमालक संघटना, म्हणजे एचओए असेल तर तिचे नियम वेगळे मागवा. मालकाने होकार दिला आणि एचओएने दंड लावला, तर तो दंड फिरून तुमच्याकडेच येतो.

गॅरेज आहे म्हणून घर पसंत करणं

सगळ्यात धोक्याची चूक हीच. बाहेर बर्फ आहे, वारा आहे, मग गॅरेजचं दार वर करून आत बर्नर लावायचा, हा विचार करूच नका. जळणाऱ्या प्रोपेनमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि गॅरेजला लागून असलेल्या दारातून तो घरात, झोपायच्या खोल्यांपर्यंत जातो. दार उघडं असणं ही सुरक्षिततेची हमी नाही.

दुसरा धोका न जळालेल्या गॅसचा. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो. गळती झाली तर तो वर निघून जात नाही, फरशीलगत पसरून साचतो. बऱ्याच गॅरेजांत गॅसचा वॉटर हीटर असतो. पुढे काय होईल ते सांगायला नको. म्हणून बर्नर बंद असतानाही टाकी गॅरेजमध्ये, तळघरात किंवा घराच्या आत कुठेच ठेवायची नाही. ती बाहेर, उभी, व्हॉल्व्ह बंद करून ठेवायची. दर वेळी रेग्युलेटर जोडल्यावर सांध्यावर साबणाचं पाणी लावा; बुडबुडे फुगायला लागले तर व्हॉल्व्ह बंद करा आणि ज्योत पेटवू नका.

घर आतूनच पाहणं

स्वयंपाकघर, कपाटं, बाथरूम पाहून माणसं परततात. तुम्ही मेजरिंग टेप घेऊन मागच्या दारातून बाहेर जा. जमीन कशाची आहे? काँक्रीट किंवा फरसबंदी उत्तम, लाकडी डेक असेल तर दुसरं घर पाहा. भिंतीला बाहेरून विनाइल साइडिंग, म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्यांचं आवरण असेल तर ते उष्णतेने वाकतं, आणि त्याची भरपाई डिपॉझिटमधून कापली जाते. वर झाडाची फांदी किंवा छताची पागोळी आहे का, जमिनीला उतार आहे का, बाहेरचा नळ किती लांब आहे, शेजाऱ्याची खिडकी कुठे उघडते, हेही बघा. कॅलिफोर्नियात असाल तर वणव्याच्या धोक्याचा रेड फ्लॅग इशारा असलेल्या दिवशी बाहेर ज्योत पेटवायचीच नाही, हे गृहीत धरून वेळापत्रक आखा.

डेकबद्दल इतका आग्रह का, ते उकळीच्या क्षणी कळतं. पाच गॅलनच्या ऑल-ग्रेन (तयार अर्काऐवजी सगळं धान्यापासून केलेल्या) बॅचसाठी पातेल्यात साडेसहा-सात गॅलन वर्ट असतं. उकळी फुटायच्या आधी प्रथिनांचा जाड फेस वर येतो आणि दूध उतू जावं तसा काठावरून खाली बर्नरवर ओघळतो. दूध ओट्यावर सांडतं, हे गरम साखरेचं पाणी ज्योतीवर आणि जमिनीवर सांडतं. काँक्रीटवर ते घासून निघतं, लाकडावर काळा चिकट डाग कायमचा बसतो. पातेलं दहा गॅलनचं घ्या, फेस चढू लागला की आच कमी करा, आणि हॉप्सची (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची) पहिली मूठ फेस खाली बसल्यावरच टाका.

चोथा आणि हॉप्स कुठे जाणार याचा विचार न करणं

दहा पौंड माल्ट भिजून निघालं की चोथा चांगलाच जड होतो. तो सिंकच्या डिस्पोजलमध्ये (सिंकखालच्या, उष्टं-खरकटं दळणाऱ्या यंत्रात) ढकलला तर पाइप तुंबतो आणि प्लंबरचं बिल भाडेकरूच्या नावावर येतं. उन्हाळ्यात हा चोथा दुसऱ्याच दिवशी आंबट वास सोडतो. कंपोस्टची सोय आहे का, कचरा कुठल्या वारी उचलतात, हे घर बघतानाच विचारा आणि बिअर त्याच्या आदल्या दिवशी करा. सामाईक अंगण असेल तर हॉप्सचा गाळ बंद पिशवीतच टाका. कुत्र्यांना हॉप्स विषारी असतात, अंगात जीवघेणा ताप चढतो. शेजाऱ्याच्या कुत्र्याने तो खाल्ला तर नुसत्या माफीने भागणार नाही.

प्रोपेनच हवा असा हट्ट धरणं

बाकी सगळं घर मनाजोगं आहे आणि फक्त टाकीला नकार आहे, तर ते घर सोडण्याआधी विजेचा विचार करा. कपडे वाळवण्याच्या मशीनसाठी २४० व्होल्ट, ३० अँपिअरचा सॉकेट असेल तर त्यावर ५,५०० वॉटचा पाणी तापवणारा एलिमेंट चालतो, आणि पाच गॅलनच्या बॅचला ज्योतीची उणीव भासत नाही. सॉकेटला तीन भोकं आहेत की चार ते पाहा, जीएफसीआय संरक्षण (वीज गळताच ती तोडणारी सोय) असलेलंच यंत्र घ्या, आणि मालकाला न विचारता वायरिंगला हात लावू नका. साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर दीड हजार वॉट मिळतात. त्यावर साडेसहा गॅलन गार पाणी उकळायला दीड तासाहून जास्त लागेल आणि उकळीही मंदच राहील. तिथे अडीच गॅलनची बॅच करा, कापडी पिशवीत माल्ट भिजवून. ती बहुतेक घरांतल्या नेहमीच्या शेगडीवरही होते. एक्झॉस्ट फॅन वाफ बाहेर फेकतो की नुसता खोलीतच फिरवतो, एवढं मात्र घर बघताना फॅन चालू करून तपासा, कारण तासभराची वाफ कपाटांच्या प्लायमध्ये मुरली की फुगवटा येतो आणि मागून बुरशी.