डोंगरातली जमीन घेताय? सूर्यास्त नंतर बघा

मी जमीन मोजायचं काम करतो. डोंगरात जागा बघून आलेला माणूस मला नकाशाआधी फोटो दाखवतो, आणि फोटोत हमखास सूर्यास्त असतो. तो कुठे पळून जात नाही. आधी रस्त्याचं विचारा. 'वाट पूर्वापार आहे हो, कोणी अडवत नाही' यावर जाऊ नका. वाट कोणाच्या जमिनीतून जाते, रुंदी किती, दुरुस्ती कोणी करायची, हे दस्तात हवं. चढही मोजा. दहा मीटर पुढे जाताना दीड मीटर वर चढलात, तर तो १५ टक्के. त्याहून खड्या चढावर भरलेला ट्रक किंवा आगीचा बंब पावसात वर येईल या भरवशावर राहू नका.

पाणी सगळ्यात कोरड्या महिन्यात बघायचं. झऱ्याखाली वीस लिटरची बादली धरा. चार मिनिटांत भरली, तर दिवसाला ७,२०० लिटर. साठवणीची टाकी बांधलीत तर एका घराला पुष्कळ झालं. मात्र झऱ्याचा उगम तुमच्याच हद्दीत आहे ना, ते बघा.

घराच्या जागेवर माझं सगळ्यात जास्त लक्ष झाडांच्या बुंध्यांकडे असतं. खोड बुडाशी उताराकडे झुकलेलं, मग वळून सरळ वर गेलेलं, आणि आजूबाजूची बरीच झाडं तशीच, तर माती सरकत असल्याची दाट शंका घ्या. बर्फाच्या भारानेही खोडं अशी वाकतात, म्हणून निकाल भूगर्भतज्ज्ञाकडून घ्या. ओढा डोंगरातून बाहेर पडतो तिथली पंख्यासारखी पसरलेली सपाटी आयती वाटते, पण ती लोंढ्यांबरोबर आलेल्या दगडमातीची असते. पुढचा लोंढाही तिथेच येणार. उताराच्या अगदी माथ्यावरही घर नको. वणवा चढावर पळतो. उतार दर १० अंशांनी वाढला की त्याचा वेग साधारण दुप्पट होतो. शोषखड्ड्यासाठी माती पाणी जिरवते का, तेही तपासून घ्या.

शिकारीचं म्हणाल, तर भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो विषय संपलाय. जिथे परवाना मिळतो तिथेही जमीन तुमची म्हणून जनावर तुमचं होत नाही. अशा जागेचा आकार क्षेत्रफळाइतकाच महत्त्वाचा. अरुंद पट्टी नकोच. जखमी जनावर लगेच शेजाऱ्याच्या हद्दीत जातं. पॉइंट टू-टू या लहान बोराच्या बंदुकीची गोळीसुद्धा दोन किलोमीटर जाऊ शकते, तेव्हा नेमाच्या मागे मातीचा उंच चढ हवा. वारा सहसा दिवसा उतारावरून वर चढतो, संध्याकाळनंतर खाली येतो. संध्याकाळी बसायचं ठिकाण जनावरांच्या वाटेच्या वर असेल, तर तुमचा वास तुमच्याआधी पोचलाच.

हद्द स्वतः पायी फिरा, विकणारा आणि शेजारी दोघांनाही घेऊन. खुणेचा प्रत्येक दगड हात लावून बघा. शेजारी यायला का-कू करत असेल, तर इसार देण्याआधी कारण काढा.