जुनं इंग्लिश फार्महाउस दुरुस्त करताय? या चुका टाळा

इंग्लंडमधल्या तीन-चारशे वर्षांच्या फार्महाउसला पावसापेक्षा हौशी दुरुस्तीचा धोका जास्त. ही घरं ओल अडवत नाहीत. भिंत पाणी पिते आणि वारं-ऊन मिळालं की सोडून देते. चुना, माती, मऊ वीट आणि ओकचं लाकूड यांचा सगळा हिशेब त्यावर बसलेला असतो. सिमेंट किंवा प्लास्टिक रंगाने ती वाट बंद केली की ओल आत कोंडते.

ओल दिसली की इंजेक्शन

भिंतीच्या पायथ्याशी डाग दिसला की कोणीतरी ओल मोजायचं यंत्र टेकवतं, आकडा लाल होतो आणि भिंतीत भोकं पाडून रसायन भरायचा खर्च पुढे येतो. विजेवर चालणारी ही यंत्रं मुळात लाकडासाठी बनवलेली. जुन्या भिंतीतले क्षारही आकडा चढवतात. शिवाय ओबडधोबड दगडांच्या, आत भर घातलेल्या भिंतीत रसायनाचा सलग थर बसेल याची खात्री नसते.

आधी भर पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. पन्हळ तुंबली आहे का, उतरत्या नळीला मागच्या बाजूने चीर आहे का, ते बघा. मग बाहेरची जमीन पाहा. वर्षानुवर्षं माती, खडी, फरशी चढत जाते आणि आतल्या जमिनीच्या वर येते. ती निदान १५० मिलिमीटर खाली हवी. चर खणणार असाल तर जपून, कारण अशा घरांचा पाया पुष्कळदा अगदी उथळ असतो आणि त्याच्या खाली खणलं तर भिंतच बसेल. मूळ कारण दूर झाल्यावर धीर धरा. भिंत साधारण इंचाला एक महिना या गतीने सुकते, म्हणजे १८ इंची भिंतीला दीड वर्ष. त्याआधी नवा गिलावा करून पैसे घालवू नका.

विटांमधल्या दरजा सिमेंटने भरणं

सिमेंट विटेपेक्षा कडक आणि बंद. पाण्याला दरजेतून बाहेर पडता आलं नाही की ते विटेतून पडतं, थंडीत तिथेच गोठतं आणि विटेचा दर्शनी पापुद्रा सुटतो. दरज शाबूत, वीट गेली! अशी भिंत दिसली तर विटा बदलण्याआधी दरजा तपासा.

काम करायचं ते असं: जुना भरणा हातछिन्नीने काढा, ग्राइंडर लावू नका. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट आणि किमान २५ मिलिमीटर. धूळ झाडून पाण्याचा फवारा मारा. एक भाग चुना, तीन भाग खरखरीत वाळू. मऊ विटेला एनएचएल ५ (पाण्याने घट्ट होणारा नैसर्गिक चुना) सारखा कडक चुना नको. काम झालं की आठवडाभर ओलं गोणपाट झाका. पारा ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर हात लावू नका. जुनं सिमेंट काढताना विटेच्या कडा तुटत असतील तर ते तसंच राहू द्यावं. हट्टाने काढलं तर जास्त नुकसान.

लाकडी सांगाडा ‘साफ’ करणं

ओकच्या सांगाड्यात जे भरलेलं असतं ते म्हणजे आपला कूडच: काटक्यांचं विणकाम, वर माती, गवत आणि शेण. तो निघाला म्हणून त्या जागी फोम किंवा काँक्रीट ठासून भरू नका. असा भरणा आणि लाकूड यांच्यामधल्या भेगांत साचलेलं पाणी थेट तळाच्या आडव्या तुळईत उतरतं आणि ती आतून कुजते. कुजलेला तेवढाच भाग कापून ओकचा तुकडा सांध्याने जोडता येतो, पूर्ण तुळई बदलायची गरज क्वचितच पडते.

आतल्या तुळयांवरचा काळा थर काढायला वाळूचा फवारा मारणं हा तर गुन्हाच समजा. चुलीजवळच्या तुळईवर कधी कधी कंपासने कोरलेलं सहा पाकळ्यांचं फूल असतं. दृष्ट लागू नये म्हणून आपल्याकडे दारावर लिंबू-मिरची टांगतात, तसाच तो प्रकार. सुतारांनी सांधे जुळवण्यासाठी केलेल्या रोमन आकड्यांच्या खुणाही तिथेच. फवाऱ्याने दोन्ही जातात. माळ्यावरच्या वाशांवरची काजळीही पुसू नका. धुराडं नसलेल्या, मधोमध आगटी पेटणाऱ्या दालनाचा तोच पुरावा असतो. असं दालन पाहायचं असेल तर केंटमधून हलवून ससेक्समधल्या सिंगलटनच्या संग्रहालयात पुन्हा उभारलेलं, पंधराव्या शतकातलं बे-लीफ (Bayleaf) फार्महाउस पाहा.

‘ग्रेड २ आहे, आतलं आपलं’

सर्वांत महाग चूक हीच. घर लिस्टेड, म्हणजे संरक्षित वास्तूंच्या सरकारी यादीत, असेल तर श्रेणी (ग्रेड २ ही त्यातली सर्वांत खालची) कुठलीही असो, आतला जिना, दारं, चूल, फरशी सगळं संरक्षणात येतं. यादीतल्या वर्णनात उल्लेख नाही म्हणून एखादी गोष्ट सुटत नाही. १९९० च्या कायद्यानुसार घराचं स्वरूप बदलणारं काम परवानगीशिवाय करणं फौजदारी गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि अमर्याद दंड. काम पूर्ववत करण्याच्या नोटिशीला कालमर्यादा नाही, म्हणून आधीच्या मालकाने बसवलेल्या प्लास्टिक खिडक्या नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकतात. विकत घेण्याआधी जुन्या परवानग्यांची कागदपत्रं मागा.

आवारात १ जुलै १९४८ च्या आधीपासून असलेली भिंत किंवा गोठाही संरक्षणात येऊ शकतो. कोठार मात्र आवारात मोडतं का, हे मांडणी, मालकी आणि वापर यांवर ठरतं. परवानगीच्या अर्जाला शुल्क नाही, निर्णयाची मुदत ८ आठवडे. साध्या दुरुस्तीला परवानगी लागतेच असं नाही, पण काउन्सिलच्या संवर्धन अधिकाऱ्याकडून ते लेखी घ्या.

छपराला हात लावण्याआधी वटवाघळं आहेत का ते तज्ज्ञाकडून पाहून घ्या. रिकामा निवारासुद्धा संरक्षित असतो आणि तो हलवायला नॅचरल इंग्लंडचा परवाना लागतो, घर लिस्टेड असो वा नसो. पाहणी बऱ्याचदा मे ते सप्टेंबरमध्येच करता येते, तेव्हा छपराचं वेळापत्रक त्यावरून लावा.