मात्रा जुळत नाहीत? निसर्गकवितेचं वृत्त ओळखताना या चुका टाळा

बालकवींच्या प्रसिद्ध श्रावणकवितेच्या पहिल्या दोन ओळी घेऊ:

श्रावणमासी हर्ष मानसी हिरवळ दाटे चोहिकडे
क्षणात येते सरसर शिरवे क्षणात फिरुनी ऊन पडे

बहुतेक जण अक्षरं मोजून थेट य-म-त-र गण (तीन-तीन अक्षरांचे गट) पाडायला बसतात आणि तिथेच अडकतात. पहिल्या ओळीत अक्षरं २०, दुसरीत २२. अक्षरगणवृत्तात, म्हणजे अक्षरांची संख्या आणि क्रम ठरलेल्या वृत्तात, असा फरक चालत नाही. लघू (ऱ्हस्व) अक्षराची १, गुरू (दीर्घ) अक्षराची २ अशा मात्रा, म्हणजे उच्चाराच्या वेळेची मापं, मोजा: दोन्हीकडे ३०, आणि वाटणी ८+८+८+६. म्हणजे ही मात्रावृत्तातली (मात्रांच्या संख्येवर बेतलेली) हरिभगिनी जाती.

जोडाक्षरांनी गोंधळ होतो. ‘हर्ष’मधला ‘ह’ गुरू, कारण पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येतो. ‘क्षणात’मधला ‘क्ष’ मात्र एकाच मात्रेचा. जोडाक्षर आहे म्हणून ते स्वतः गुरू होत नाही. ‘तुझ्या’तला ‘तु’ही लघूच, तिथे आघात नाही. शंका आली की मोठ्याने म्हणून बघा.

सगळ्यात जास्त घोळ शुद्धलेखनामुळे होतो. ‘चोहीकडे’ असं आजच्या नियमाने लिहिलंत, तर शेवटच्या तुकड्यात ६ऐवजी ७ मात्रा भरतात. जुन्या पद्धतीच्या ‘चोहिंकडे’तला अनुस्वार उच्चारात नाही, तो मोजलात तरी तेच. पुढे ‘कुणि भासे’चं ‘कुणी भासे’ केलं की पुन्हा एक मात्रा जास्त. उलट ‘इंद्रधनूचा’ऐवजी ‘इंद्रधनुचा’ लिहिलं की ८च्या जागी ७. (इथला ‘इं’ मात्र गुरूच, कारण तो अनुस्वार उच्चारला जातो.) वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची सूट कवीला नियमांनीच दिलेली आहे. म्हणून एका मात्रेचा फरक दिसला, तर रचना सदोष ठरवण्याआधी दुसरी छापील प्रत पाहा. इंटरनेटवरच्या प्रतीवर तर मात्रा मोजूच नयेत.

यमक सोपं आहे: चोहिकडे–पडे, दोन-दोन ओळींचं.

वृत्ताचं नाव लिहून उत्तर संपवणं ही परीक्षेतली नेहमीची चूक. खरं काम त्यानंतर असतं. पहिल्या ओळीत १० गुरू, १० लघू. दुसरीत ८ गुरू, १४ लघू. मात्रा तेवढ्याच, पण लघू वाढल्याने ओळ धावते, आणि ‘सरसर’ तर सलग चार लघूंचं. शिवाय ‘क्षणात’ पहिल्या आणि तिसऱ्या आवर्तनाच्या (आठ मात्रांच्या तुकड्याच्या) अगदी तोंडाशी येतं: पावसाला १६ मात्रा, उन्हाला १४.