बदलत्या भूदृश्याचं छापचित्र: या चुका टाळा

खचणारा किनारा, मागे सरकणारी हिमनदी, आटत चाललेलं तळं असे विषय छापचित्रात घेणाऱ्यांचं रेखाटन बहुधा उत्तम असतं. गाडी अडते ती प्लेटवर, म्हणजे ज्यावर चित्र कोरून, शाई भरून कागदावर छापतात त्या धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या पत्र्यावर. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे विषय बदलाचा घ्यायचा आणि प्लेट मात्र एकदा कोरून मोकळं व्हायचं.

तांब्याची प्लेट खरवडता येते, घासता येते, पुन्हा कोरता येते. डच चित्रकार रेम्ब्रांने १६५३ मधल्या ‘तीन क्रूस’ची प्लेट पुढे इतकी बदलली की नंतरच्या प्रती जवळपास वेगळंच चित्र वाटतात. हिमनदीची कड आज आहे तिथे कोरा आणि छापा. मग तेवढा भाग स्क्रेपरने खरवडून, बर्निशरने घासून कड मागे न्या. जुन्या रेषेची पुसट सावली उरते. ती घालवायच्या मागे लागू नका, या विषयाला तीच हवी. फक्त प्रत्येक टप्प्याच्या पुरेशा प्रती त्याच वेळी काढून ठेवा. एकच प्रत ठेवली आणि तिला डाग पडला, तर तो टप्पा कायमचा गेला.

ड्रायपॉइंटच्या, म्हणजे आम्लाविना सुईने थेट प्लेटवर कोरलेल्या, रेषा पहिल्या काही प्रतींत मखमली येतात आणि मग बारीक, कोरड्या पडतात. दोष शाईचा नसतो. सुईने कोरताना रेषेच्या कडेला धातूची बारीक कोर उचलली जाते, तिच्यात शाई अडकते. प्रेसच्या दाबाखाली आणि जोरात पुसण्याने ती कोर चेपत जाते. प्लॅस्टिकच्या प्लेटवर तर आणखी लवकर. म्हणून प्रेसचा दाब आणि शाई यांची चाचणी दुसऱ्या तुकड्यावर करा. विरत जाणारी रेषाच दाखवायची असेल, तर प्रती छापल्या त्याच क्रमाने मांडा. सगळ्या प्रती एकसारख्या हव्यात हा हट्ट इथे कशाला? सतराव्या शतकातला डच चित्रकार हर्क्युलीस सेगर्स डोंगरदऱ्यांची एकच प्लेट निरनिराळ्या शाईत, रंगीत कागदावर, कधी कापडावरही छापत असे.

ॲक्वाटिंटमध्ये राळेची पूड तापवून प्लेटवर चिकटवतात आणि दाण्यांमधला धातू आम्लाला खाऊ देतात, त्यातून सलग छटा मिळते. धुक्यासाठी ते वापरताय आणि करडा रंग डागाळतोय? राळ बहुधा जास्त तापली आहे. दाणे वितळून एकमेकांत मिसळले की आम्ल आत शिरत नाही. याउलट, काळंभोर पाणी हवं असताना मधोमध फिकट आणि कडेलाच गडद येत असेल, तर त्या भागावर दाणेच नव्हते. आम्लाने सगळा पृष्ठभाग सरसकट खाल्ला आणि शाई धरायला जागाच उरली नाही. पुन्हा राळ धरून आम्लात घाला. आम्ल म्हणून फेरिक क्लोराइड वापरत असाल तर प्लेट उभी किंवा पालथी ठेवा, नाहीतर गाळ रेषांत बसतो आणि खोली कमी-जास्त होते. फिकट करड्यासाठी आम्लात काही सेकंदच पुरतात. त्यामुळे आधी एका पट्टीवर वेळा दुप्पट करत नमुना काढाच.

खरी, ओळखीची जागा असेल तर प्लेटवर ती उलटी काढायला विसरू नका. डावीकडचा कडा उजवीकडे गेला की तिथे राहणाऱ्यांना ते चित्र आपल्या गावाचं वाटत नाही.

दोन प्लेटा एकावर एक छापताना किनाऱ्याची रेषा जुळत नाही, याचं कारण बहुतेकदा कागद असतो. ओला कागद फुगतो, सुकला की आक्रसतो. पहिल्या छपाईनंतर तो सुकू देऊ नका. मागची कड प्रेसच्या रोलरखाली दाबलेलीच ठेवून प्लेट बदला.