काउंटी फेअरची तयारी: आधी तो कागद

गेल्या जुलैअखेरीस काउंटी फेअरमध्ये, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या जत्रेवजा प्रदर्शनात, माझ्या लेकीच्या हातातल्या कागदी बशीत भेंड्या होत्या. बोटभर लांबीच्या, सगळ्या सारख्या, पहाटेच्या दवात तोडलेल्या, देठ एका मापाने कापलेले. जजबाईंनी एक उचलून टोक मोडून पाहिलं, "छान कोवळी आहे" म्हणाल्या आणि विचारलं, "आणि तुझं लिखाण?" लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीत पाहिलं. पिशवीत कात्री होती, ओला रुमाल होता, जास्तीच्या चार भेंड्या होत्या. कागद नव्हता. तो लिहिलाच नव्हता, कारण फेअर बुकमधलं, म्हणजे फेअरच्या नियमांच्या पुस्तकातलं, ते पान मी वाचलंच नव्हतं. दहा वर्षांची पोर टेबलाच्या कडेवर नख घासत उभी राहिली आणि तीन महिन्यांच्या कामाबद्दल तिला दोन वाक्यंसुद्धा सुचेनात. लाल रिबन मिळाली, म्हणजे निळीच्या एक पायरी खाली. भेंडी निळ्या रिबनची होती.

यंदा आपल्यातल्या आणखी काही घरांतली मुलं फोर-एचमध्ये, म्हणजे मुलांना प्रत्यक्ष कामातून शिकवणाऱ्या क्लबांमध्ये, गेली आहेत, म्हणून हे लिहून काढतेय. हे अमेरिकेतल्या आयोवा राज्याचं आहे. दुसऱ्या राज्यात असाल तर तुमच्या काउंटीचं फेअर बुक समोर ठेवून वाचा, कारण नियम बदलतात.

तर कागद. प्रत्येक प्रदर्शनाबरोबर मुलानं तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात: माझं उद्दिष्ट काय होतं, ते गाठायला मी काय काय केलं, आणि करताना सगळ्यात महत्त्वाचं काय शिकले. लिहून द्या, नाहीतर आवाज किंवा व्हिडिओ रेकॉर्ड करून द्या, पण द्या. आपल्याकडच्या कृषी प्रदर्शनात भल्यामोठ्या भोपळ्याभोवती गर्दी होते आणि बक्षीस भोपळ्याला मिळतं, त्यामुळे मलाही वाटलं होतं की माल उत्तम असला की झालं. इथं जज मुलाला समोर बसवून बोलतो. पेज काउंटीतल्या जेसी फील्ड या शिक्षिकेनं शेतकऱ्यांच्या मुलांना शाळेत कणसं पारखायला शिकवलं, त्यातून आयोवातलं हे काम उभं राहिलं, आणि १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्यानंतर ते विद्यापीठाच्या एक्स्टेन्शनच्या, म्हणजे विस्तार विभागाच्या, छत्राखाली आलं. मूळच शिकण्याचं आहे, त्यामुळे "काय शिकलीस?" हा प्रश्न कधीच चुकत नाही.

उद्दिष्ट नेमकं हवं. "भेंडी लावणे" हे उद्दिष्ट नाही. "पाच रोपांवर आठवड्यातून दोनदा घरच्यापुरती भाजी निघेल एवढी भेंडी काढणे" हे उद्दिष्ट. फसलेलं लपवू नका, उलट तेच लिहा. आमचं पहिलं बी मेच्या सुरुवातीला गार जमिनीत टाकलं आणि कुजलं. दुसऱ्यांदा बी रात्रभर भिजवलं, माती गरम होईपर्यंत थांबलो, तेव्हा उगवलं. एवढी चांगली गोष्ट लेकीच्या डोक्यात होती आणि कागदावर नव्हती, म्हणून जजपर्यंत पोचलीच नाही. कागद पेरणीच्या दिवशी सुरू करा. फ्रिजवर लावा, तारखा टाकत जा, फोटो काढत जा. आदल्या रात्री लिहायला बसलात तर मूल पेंगतं, तुम्ही सांगता आणि ते उतरवून घेतं, आणि आईनं सांगितलेलं वाक्य जजला पहिल्या ओळीत कळतं.

नावनोंदणी ऑनलाइन असते आणि फेअरच्या कितीतरी आधी बंद होते. उशीर झाला तर विनवणी करून उपयोग नाही. फोर-एच चौथी ते बारावीसाठी. त्याहून लहान मुलं क्लोव्हर किड्स म्हणून येतात, त्यांना स्पर्धेची रिबन नसते, त्यांच्यावर आत्तापासून ताण घालू नका. चौथीतल्या मुलाला काउंटी फेअर खुली आहे पण स्टेट फेअर पाचवीपासून, हे त्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ऐनवेळी फार वाईट वाटतं. शेळ्या, कोंबड्या, ससे आणणाऱ्यांची बात वेगळी. बहुतेक जनावरांची नोंद १५ मेपर्यंतच करावी लागते आणि वर प्रशिक्षण असतं. आमच्याकडे जनावर नाही, तेव्हा क्लबच्या लीडरना विचारा, आणि आजच विचारा.

भाजी निवडताना आपला हात आपोआप मोठ्या फळाकडे जातो. आवरा. सारखेपणा बघतात. पुस्तकात जेवढे नग लिहिलेत तेवढेच, एकाच आकाराचे, एकाच रंगाचे, एकाच पक्वतेचे. चार सुंदर आणि एक राक्षसी असेल तर त्या राक्षसामुळे बाकीचे चार खाली येतात. वांग्याचा देठ ठेवायचा. बटाटे धुवायचे नाहीत, मऊ ब्रशनं माती झाडायची, कारण पाण्यानं साल खराब दिसते. कांद्याचे पापुद्रे सोलून चकचकीत करू नका. बाहेरची वाळकी साल अंगावर हवी, आणि कांदा नीट वाळवलेला हवा. काकडीला तेल लावू नका, पुसा फक्त. भेंडी जेवढी जून तेवढी चोथट, म्हणून त्याच सकाळी तोडायची, दोन-चार जास्तीच्या घ्यायच्या. टॅगवर वाणाचं नाव हवं. "भेंडी" पुरत नाही, "क्लेमसन स्पाइनलेस" लिहा. बियांचं पाकीट म्हणूनच टाकून द्यायचं नाही. पाकिटावरचं नाव कागदावरही उतरवा. कागद लिहायला घेतलाय ना?

खाण्याच्या वर्गात आपल्या लोकांची चूक ठरलेली. श्रीखंड न्यायचं मनात असेल तर विसरा, फ्रिजमध्ये ठेवावं लागणारं काही चालत नाही. लोणच्याचं तर मी सासूबाईंना समजावून थकले. त्या उन्हाळ्यात इथं होत्या आणि साताऱ्याच्या घरचं लिंबाचं लोणचं नातीनं घालावं अशी त्यांची फार इच्छा होती. पण बरणीबंद पदार्थाला तपासलेली कृती लागते, अमेरिकी कृषी खात्याची किंवा विद्यापीठाची. त्यात फेरफार चालत नाही, कारण आम्लता आणि उकळण्याची वेळ चुकली तर बोट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा, धोका असतो. बरण्या दोन सारख्या, लेबलवर पद्धत आणि वेळ. आजीची कृती पन्नास वर्षं कुणाला बाधली नाही हे खरं आहे, तरी ती टेबलावर जाणार नाही. शेवटी सासूबाईंनी नातीला ते लोणचं घरी शिकवलं आणि फेअरला नातीनं केळ्याचा ब्रेड नेला. कोणताही पदार्थ नेलात तरी कृती सोबत जोडा. आणि कागद. पदार्थालाही कागद लागतोच, नुसती कृती म्हणजे तो कागद नव्हे. ही गल्लत गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या टेबलावर दिसली.

पोस्टर करत असाल तर इंटरनेटवरून कार्टूनचं चित्र उचलून चिकटवू नका. कॉपीराइट इथं गांभीर्यानं घेतात. मुलानं स्वतः काढलेलं चित्र वाकडं असलं तरी चालतं. स्वतः काढलेले फोटो सगळ्यात उत्तम.

आता प्रेझेंटेशन. याला मुलं घाबरतात, म्हणून आईबाप सगळं पाठ करून घेतात. तसं करू नका. करून दाखवणं हा त्याचा जीव आहे. बी भिजवायचं असेल तर वाटी, पाणी, बी समोर हवं आणि हात चालायला हवेत. भिजलेलं बी आधीपासून तयार ठेवा, म्हणजे रात्रभर थांबावं लागणाऱ्या गोष्टीचा निकाल तिथल्या तिथे दाखवता येतो. लेकीनं पहिल्यांदा सराव केला तेव्हा बी दाखवताना तिची पाठ प्रेक्षकांकडे होती आणि शब्द वाटीत सांडत होते. आम्ही टेबल फिरवलं, वाटीखाली डबा ठेवून ती उंच केली, तेवढ्यानं फरक पडला. पोस्टरवरची अक्षरं खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून वाचून बघा. वेळेची मर्यादा पुस्तकात आहे, घड्याळ लावून तीनदा करून घ्या. घरी मराठीत बोलणाऱ्या मुलांना गाजर गवत, खुरपणी, आळं हे शब्द आधी आठवतात, इंग्रजी अडतं. ते शब्द वेगळे काढून द्या. शेवटी जज प्रश्न विचारतात. उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, मी शोधून काढीन" म्हणायला शिकवा, ते चालतं. स्टँड, चिकटपट्टी, एक्स्टेन्शन वायर आपलीच न्या. आणि तुम्ही मागे बसा, ओठसुद्धा हलवू नका. मी हलवले होते आणि लेक अर्ध्या वाक्यात थांबून माझ्याकडे बघू लागली.

जजिंगच्या दिवशी: क्लबचा टी-शर्ट, बंद बूट, पाणी, खाऊ. रांग लांब असते. निघण्याआधी दारातच टॅग बघा, कागद बघा. कागद प्लॅस्टिकच्या खिशात घालून प्रदर्शनाला बांधलेला हवा. सुटा कागद बशीखालून सरकतो.

रिबनचं घरच्यांना आधी समजावून ठेवा. निळी, लाल, पांढरी या मुलाच्या कामाला ठरलेल्या मापाशी ताडून देतात, दुसऱ्या मुलाशी नाही, त्यामुळे एकाच वर्गात दहा निळ्या असू शकतात. भारतात फोन केलात की "पहिला कोण आला?" विचारतातच. जांभळी निवडक कामांना. जज जे बोलतात ते लगेच टिपून घ्या, गाडीत बसेपर्यंत अर्धं विसरतं.

प्रदर्शन परत न्यायची वेळ ठरलेली असते, आधी उचलायचं नाही, उशीर करायचा नाही. भाजी तोवर सुकलेली असते, बशी टाकून द्या, टॅग आणि शेरे जपा. स्टेट फेअरला निवड झाली तर ऑगस्टसाठी ताजी भाजी लागेल, रोपं उपटू नका.

कागदाच्या तीन प्रती काढा. एक प्रदर्शनाला, एक मुलाच्या हातात, एक गाडीच्या ड्रॉवरमध्ये.